वर आल्यानंतर

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२४ मध्ये, शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, दोन-चार वाक्यं तेवढी नीट केली आहेत.)



समितीने मला निरोप दिला होता, ‘वीस मिनिटं बोल, पण खाणीवर बोलू नको. अर्धा वर्ग खाणीतूनच रिटायर झालाय.’ मी हो म्हटलं. समितीची माफी मागून सांगतो, आज खाणीवरच बोलणार आहे. फक्त जरा दूरून येतो.

गेल्या दिवाळीत आपण सगळ्यांनी टीव्हीवर सिलक्यारा पाहिलं. १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तरकाशीजवळच्या त्या बोगद्याचा एक भाग कोसळला आणि ४१ कामगार पलीकडे अडकले. सतरा दिवस. पाइपातून त्यांना खिचडी गेली, औषधं गेली. मोठी मशिनं अडली तेव्हा हाताने कोळसा खणणारी माणसं त्या पाइपात शिरली आणि शेवटचे काही मीटर त्यांनी हाताने उकरले. २८ तारखेला रात्री ४१ च्या ४१ जण बाहेर आले. आपल्या ग्रुपवर त्या रात्री फुलं, फटाके, हात जोडलेले, नुसता पाऊस पडला होता. मी एकच ओळ टाकली होती, ‘आता त्यांना घरी नीट झोपू द्या.’ दोघा-तिघांनी अंगठा दाखवला. असं काहून म्हणतो, हे कुणी विचारलं नाही. ते आज सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, मी एकतीस वर्षं खाणीत सर्वेक्षक होतो. जमिनीखाली कुठली वाट कुठवर गेली हे मोजायची सवय एकदा लागली की सुटत नाही. रिटायर झाल्यावर मी जगातल्या लांब गुहांबद्दल वाचत बसायचो. ही म्हणायची, ‘जन्मभर खाली राहून पोट नाही भरलं का?’ त्या वाचनात पश्चिम युक्रेनच्या जिप्समच्या गुहा आल्या. आपला कोळसा काळा, तिथला जिप्सम पांढरट-पिवळा. पाण्याने विरघळून त्यात वाटांचं असं जाळं झालंय की ओझेर्ना नावाची एकच गुहा शंभर किलोमीटरहून लांब मोजली गेली आहे. गावातले लोक तिला पोपोवा यामा म्हणतात, म्हणजे पाद्रीबुवाचा खड्डा. एका धर्मगुरूच्या शेतात तिचं तोंड होतं, म्हणून हे नाव.

१९९३ मध्ये ख्रिस निकोला नावाचा न्यूयॉर्कचा एक गुहाशोधक तिथे उतरला. आत, पार अंधारात, त्याला जुने जोडे, बटणं, जातं अशा वस्तू सापडल्या. संसाराच्या वस्तू. गावात विचारलं तर लोक एवढंच सांगायचे की युद्धात इथे काही ज्यू राहिले होते म्हणे. त्यांचं पुढे काय झालं, हे शोधायला त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. ती माणसं जिवंत होती. काही कॅनडात, काही अमेरिकेत, नातवंडांत रमलेली.

त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. कोरोलुव्का नावाचं एक गाव. युद्धाआधी ते पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. १९४१ मध्ये तिथे जर्मन फौजा आल्या आणि ज्यूंना धरून नेणं, मारणं सुरू झालं. त्या गावात एस्थर स्टर्मर नावाची एक आई होती. तिने ठरवलं, नाव नोंदवायला जायचं नाही, बोलावलं तिथे जायचं नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात स्टर्मर कुटुंब आणि आणखी काही घरं वेर्तेबा नावाच्या गुहेत शिरली. तिथे पाण्याचा झरा नव्हता. छतातून ठिबकणारं पाणी भांड्यात जमवायचे. पुढच्या वसंतात जर्मन पोलीस आत आले. काही लोक पकडले गेले. बाकीचे, पोरांनी आधीच खणून ठेवलेल्या चोरवाटेने निसटले. मग ५ मे १९४३ ला ही मंडळी त्या पाद्रीबुवाच्या खड्ड्यात उतरली. लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळे मिळून ३८ जण.

तिथे ते ३४४ दिवस राहिले. दोन्ही गुहा मिळून ५११ दिवस होतात.

आपल्याकडे पाळी आठ तासांची. भोंगा झाला की वर. आपल्यापैकी जे खाली गेलेत त्यांनी कॅप लॅम्प एकदा बंद करून पाहिला असेल. तो अंधार रात्रीच्या अंधारासारखा नसतो. हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही, आणि थोड्या वेळाने आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेनासं होतं. त्या अंधारात या लोकांनी फळ्यांची झोपायची जागा केली, चूल केली, जातं मांडलं. आत एक तळं होतं, त्याचं पाणी. दिवा दिवसातून थोडाच वेळ लावायचा, कारण तेल जपायचं. बाकी वेळ अंधारात पडून राहायचं. तरुण मुलं रात्री बाहेर पडून धान्य, बटाटे, लाकूड आणायची. बायका आणि मुलं त्या ३४४ दिवसांत एकदाही वर आली नाहीत. एकदा तर बाहेरच्यांनी गुहेचं तोंडच माती-दगडांनी बुजवून टाकलं. आतल्यांनी दुसरीकडून खणून नवं तोंड काढलं.

१९४४ च्या एप्रिलमध्ये ओळखीच्या एका माणसाने तोंडातून एक बाटली खाली टाकली. तिच्यात चिठ्ठी होती, जर्मन गेले. तरीही हे लगेच बाहेर आले नाहीत. काही दिवस थांबले. १२ एप्रिलला एकेक करून वर आले. ३८ च्या ३८.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुस्तक आहे, २०१२ चा माहितीपटही आहे. मी मात्र त्या १२ एप्रिलपाशी येऊन अडकलो.

वर बर्फ वितळत होता, चिखल होता आणि ऊन होतं. ऊन त्यांना सहन होईना. कपड्यांच्या चिंध्या, अंगावर पिवळ्या मातीचा थर, चेहरे पिवळे पडलेले. वर्षभर एकमेकांना चिमणीच्या उजेडात पाहिलेलं, ते आता उन्हात पाहत होते. त्यांच्यात चार वर्षांची एक मुलगी होती. तिने आईला सांगितलं, तो दिवा विझव ना, फार उजेड होतोय. ती सूर्याबद्दल बोलत होती. सूर्य म्हणजे काय, हे ती विसरून गेली होती.

ही गोष्ट मी नातीला सांगितली तेव्हा ती हसली. कुणीही हसेल. पण मला हसू आलं नाही. का, ते पुढे येईलच.

मग ते चालत गावात गेले. पण कुठलं गाव? घरं लुटलेली, काहींत दुसरेच लोक राहायला आलेले. शेजारी, नातेवाईक, ज्यांच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी जायचं ती माणसं, बहुतेक सगळी मारली गेली होती. जी उरली त्यांतल्या काहींना हे जिवंत परत आले याचंच वाईट वाटलं. गुहेत निदान कोण आपलं हे माहीत होतं. वर्षभराने त्यांनी ते गाव सोडलं. पश्चिमेकडे सरकत सरकत विस्थापितांच्या छावणीत आले, आणि ती छावणी कुठे, तर जर्मनीत. तिथून पुढे कॅनडा, मॉन्ट्रियल. नवी भाषा, नवं काम, मुलांची लग्नं. म्हणजे वर यायला एक दिवस लागला आणि घरी यायला कित्येक वर्षं. ते घरही जिथून निघाले ते नव्हतंच.

आणि बोलायला? एस्थरबाईंचं आठवणींचं पुस्तक १९७५ मध्ये निघालं. एकतीस वर्षांनी. त्यांच्यापैकी चौघे जण २०१० मध्ये नातवंडांना घेऊन त्या गुहेपाशी परत गेले, तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती.

आता मी आपल्या कॉलनीत येतो. आधीच सांगतो, मी तुलना करत नाही. त्या लोकांच्या मागे माणसं लागली होती. आपल्याकडे कोसळला तो दगड होता. पण त्यांची गोष्ट वाचल्याशिवाय मला माझे बाबा कळले नसते, म्हणून दोन्ही एका दमात सांगतोय. आणि आता जे सांगणार आहे ते आपल्याच वर्गातल्या एका मित्राला विचारून सांगतोय. तो इथे बसलेला आहे. नाव घेणार नाही. जुन्या लोकांना कळेलच.

आपण आठवीत होतो. १९८० चा नोव्हेंबर. रात्रपाळीत एका ठिकाणी छत बसलं आणि तिघे पलीकडे अडकले. एक माझे बाबा. एक छत्तीसगडकडचे काका, ते पुढे गावी गेले ते परत आलेच नाहीत. आणि तिसरे माझ्या या मित्राचे बाबा. जवळजवळ चाळीस तास लागले. बाबा आणि ते छत्तीसगडचे काका चालत वर आले. मित्राच्या बाबांना आणलं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. कॉलनीत एकाच संध्याकाळी एका दारात हार-पेढे आणि चार दारं सोडून रडारड. आमच्या आईने पेढे वाटू दिले नाहीत. जे घेऊन आले त्यांचे डबे तिने तसेच स्वयंपाकघरात झाकून ठेवले.

लोकांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. आमच्या घरात ती तिथून सुरू झाली.

बाबा घरात झोपेनात. डिसेंबर आला, आपल्याकडची ती थंडी, आणि बाबा अंगणात खाटेवर, दोन घोंगड्या घेऊन. न्हाणीघराचं दार लावायचे नाहीत. आई बाहेर पडदा धरून उभी राहायची. दुपारच्या उन्हात डोळे बारीक करायचे, पण सावलीत यायचे नाहीत. आणि सारखं विचारायचे, ‘किती वाजले?’ हातात घड्याळ असताना विचारायचे. मी सांगायचो, साडेसात. दहा मिनिटांनी पुन्हा, ‘किती वाजले?’ एकदा मी चिडून म्हणालो, ‘तुमच्या हातात आहे ना घड्याळ!’ त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. आई मला काही बोलली नाही. तिने नंतर भिंतीवरचं घड्याळ काढून अंगणाकडच्या खिडकीत ठेवलं.

फार पुढे मी वाचलं की मिशेल सिफ्र नावाचा एक फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ मध्ये घड्याळ न घेता दोन महिने एका गुहेत राहिला होता. १४ सप्टेंबरला त्याला वर आणलं तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्टच होती. पंचवीस दिवस त्याने कुठे घालवले, त्यालाच माहीत नव्हतं. माणसाच्या आतलं घड्याळ अंधारात असं चुकतं. मला वाटलं, चला, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला दोन महिन्यांपूर्वी मिळालं. त्याकडे येतो.

तेव्हा मला बाबांची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? शिकवणीला जाणारी आपली पोरं आमच्या अंगणावरून जायची आणि विचारायची, ‘तुझे बाबा बाहेर काहून झोपतात रे?’ मी म्हणायचो, ‘त्यांना गरम होते.’ डिसेंबरमध्ये! सगळे हसायचे. त्यांच्यापैकी चार-पाच जण आत्ता समोर आहेत. माझा राग नाही. मीही हसायचो.

राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा आणि माझ्यावरच. माझ्या मित्राची आई, काकू, संध्याकाळी आमच्या दारात यायच्या. सात-आठ वेळा तरी आल्या असतील. ‘भाऊजी हायेत का रे घरी?’ त्यांना एवढंच विचारायचं होतं की शेवटी काय झालं, ते काय बोलले. त्यांचा आवाज आला की बाबा मागच्या दाराने बाहेर जायचे आणि मी पुढच्या दारात उभं राहून सांगायचो, ‘बाबा घरी नाहीत, काकू.’ कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वेळी आपोआप तोंडातून गेलं, मग सवय झाली.

एकदा त्यांच्याबरोबर हा मित्र होता. सायकल धरून उभा. मी म्हणालो, ‘बाबा घरी नाहीत.’ बाबांच्या चपला माझ्या पायाशीच होत्या. त्याने चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतही बोलला नाही. त्यानंतर आम्ही दोघे कधीच त्यावर बोललो नाही, आणि एका बाकावर बसणंही बंद झालं.

आपल्या वर्गशिक्षिका बाई आज आल्या आहेत. बाई, तुम्हाला कदाचित हे आठवणार नाही. आपल्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजवायचं काम शिपाईकाकांचं. जानेवारीत एक दिवस तुम्ही आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं, ‘काकांचे गुडघे दुखतात. सकाळची प्रार्थनेची आणि शेवटची घंटा आता तुम्ही द्यायची.’ ऑफिसात एकच घड्याळ होतं. ते झाडाखालून दिसायचं नाही. म्हणून एकाने ऑफिसच्या दारात उभं राहून घड्याळ पाहायचं, हात वर करायचा, आणि दुसऱ्याने ठोका द्यायचा. मी घड्याळ पाहायचो, तो ठोका द्यायचा. वर्ष संपेपर्यंत रोज दोनदा. बोलायची गरज नव्हती. फक्त मी हात वर केला की त्याने माझ्याकडे पाहिलेलं असायला लागायचं.

बाई, तुम्ही आम्हाला कधी विचारलं नाही की घरी कसं आहे. वर्गापुढे आमच्यावर दया दाखवली नाही. गृहपाठ राहिला तर इतरांसारखीच छडी दिली. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज कळतं की त्या दिवसांत आमच्या दोघांच्या घरात एवढीच एक गोष्ट पूर्वीसारखी होती. घंटा वेळेवर होत होती.

त्या वर्षी होळी झाली आणि मग एका संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, ‘जाऊन येतो.’ चार दारं ओलांडून मित्राच्या घरी गेले. बऱ्याच रात्री परत आले. आले ते सरळ खाट उचलून आत घेऊन गेले. आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे मार्च संपता संपता काय होतं. अख्खी कॉलनी उकाड्याने अंगणात झोपायला येते. त्या वर्षी सगळी कॉलनी बाहेर आली आणि आमचे बाबा आत गेले! आई पंखा घेऊन त्यांच्या उशाशी बसली होती. घामाने भिजून गेली होती, पण उठली नाही.

पुढे बाबांना वरचं काम मिळालं, लॅम्प रूममध्ये. खाली जाणाऱ्यांना दिवे मोजून द्यायचे आणि परत आले की मोजून घ्यायचे. रिटायर होईपर्यंत त्यांनी तेच केलं. शेवटचा दिवा परत येईस्तोवर पाळी संपली तरी ते घरी यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, कामसू आहेत.

त्या संध्याकाळी मित्राच्या घरी बाबा काय बोलले, हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. बाबा गेले, आई गेली. मला वाटलं, ते आता गेलंच.

२८ नोव्हेंबरच्या रात्री, सिलक्यारातून ४१ वा माणूस बाहेर आला, आणि माझा फोन वाजला. हा मित्र होता. त्रेचाळीस वर्षांत आम्ही लग्नांना भेटलो, मयतीला भेटलो, पण फोनवर गप्पा अशा कधी झाल्या नव्हत्या. तो म्हणाला, ‘पाहून राहिला ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ मग बराच वेळ दोघेही गप्प. मग तो म्हणाला, ‘तुझे बाबा त्या दिवशी आमच्या घरी आले होते, तेव्हा मी पडद्यामागे होतो.’

त्याने सांगितलं ते असं. खाली दिवे विझल्यावर त्याचे बाबा दगडाखाली होते. शुद्धीवर होते. ते सारखं विचारत होते, ‘किती वाजले?’ त्यांना वाटत होतं, पाळी सुटली की लोक शोधायला येतील. माझ्या बाबांच्या हातात घड्याळ होतं, पण अंधारात दिसत नव्हतं. ते अंदाजाने सांगायचे. आणि दर वेळी कमी करून सांगायचे. चार वाजले. सव्वाचार वाजले. म्हणजे फार वेळ नाही झाला, येतीलच आता. असं किती वेळ चाललं ते त्यांना कळलं नाही. मग विचारणं थांबलं. त्यानंतरही बाबा मधून मधून वेळ सांगत राहिले.

हे त्यांनी काकूंना सांगितलं आणि हात जोडून म्हणाले, ‘मी त्यांना खोटी वेळ सांगितली, वहिनी.’ काकू म्हणाल्या, ‘बरं केलं भाऊजी. घाबरले असते ते.’ आणि चहा टाकायला उठल्या.

फोनवर मी रडलो. तो म्हणाला, ‘मला वाटायचं तुला माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘मला वाटायचं तू त्या चपला विसरला नाहीस.’ तो म्हणाला, ‘नाहीच विसरलो. पण त्या रात्रीनंतर मला कळलं होतं ते मागच्या दाराने काहून जातात. तुला सांगायचं राहून गेलं.’

म्हणून त्या लहान मुलीच्या गोष्टीला मी हसू शकलो नाही. तो दिवा विझव, असं सूर्याकडे पाहून म्हणणारी मुलगी आणि हातात घड्याळ असताना किती वाजले विचारणारे माझे बाबा, दोघेही बाहेरच्यांना वेड्यासारखे वाटले असणार. पण दोघांचे प्रश्न जिथून आले तिथे बरोबर होते. आपण तिथे नव्हतो, एवढंच.

मित्रांनो, आपण आता अठ्ठावन्न-साठीचे झालो. आपल्यातले काही जण असे अंधारातून येऊन बसले आहेत, आणि त्याला खाणच लागते असं नाही. कुणी करोनात जोडीदार गमावला, कुणी महिनोन्महिने दवाखान्यात काढले, कुणी आईवडिलांच्या आजारपणात दहा वर्षं घराबाहेर पडलं नाही. आज इथे आलेत म्हणजे ते वर आले, असं आपण धरून चालतो. हार घालतो, फोटो काढतो. माझी एवढीच विनंती आहे की फोटोनंतरही त्यांच्याकडे जात राहा. काय झालं ते सांग, म्हणून मागे लागू नका. त्यांचं वागणं विचित्र वाटलं तर खिडकीत एक घड्याळ ठेवून द्या, आमच्या आईने ठेवलं तसं. आणि आपण स्वतःच त्या दारात उभे असू, खोटं बोललो असू, तर त्रेचाळीस वर्षं थांबू नका. मला मित्राने फोन केला, म्हणून झालं. नाहीतर मी तसाच राहिलो असतो.

आज सकाळी आलो तेव्हा पाहिलं, शाळेत आता विजेची घंटा आहे. पण रुळाचा तुकडा कडुनिंबाला अजून टांगलेला आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. आत्ता जेवणाची सुट्टी होईल, तेव्हा तो ठोका देणार आहे आणि मी या दारात उभा राहून हात वर करणार आहे. समितीने वेळ एक वाजताची दिली आहे. बरोबर एकला.